नापास गटातली मालनबाई

विनताच्या लघुप्रबंधाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले, तेव्हा डोमाजी मेश्राम ड्यूटीवरून थेट मिठाईच्या दुकानात गेले. कारखान्यात लेथवर उभं राहून आयुष्य काढलेला माणूस. मुलीनं मानसशास्त्रात एम. ए. करायचं म्हटल्यावर यात नोकरी लागते का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. आता मात्र पेढ्यांचा डबा घेऊन ते गल्लीत घरोघर थांबत होते. "पोरीनं संशोधन केलं. आपल्याच बायांवर केलं, बरं का!"

विनता आत ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. दर दाराशी वडिलांचा आवाज चढायचा आणि ती धुतलेलंच भांडं पुन्हा विसळायची.

"मालनकडे तू जा," तिची आई, कुसुमबाई, म्हणाली. "ती बिचारी आजकाल येत नाही. शिकणं सोडूनच देलं तिनं."

"काहून?" विनतानं विचारलं.

"मले काय मालूम? म्हणते, आपल्या डोक्यात काही शिरत नाही. आठवीच्या पेपरलेच गेली नाही ना ती. तुले माहीत नव्हतं?"

विनताला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं तिनं टाळलं होतं, हे जास्त खरं.

मालनबाई गल्लीच्या टोकाला राहायची. जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या एका शाळेत आया होती. माहेरी, भंडाऱ्याकडच्या खेड्यात, तिची चार इयत्ता मराठी शाळा झाली होती. लग्न होऊन जबलपूरला आली ती एकदम हिंदीत पडली. आठवी झालीस तर तुला बालवाडीच्या वर्गावर घेऊ, असं शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला सांगितलं होतं. तेव्हापासून, केसांत पांढरं दिसू लागलं असताना, ती बाहेरून बसायच्या प्रायव्हेट परीक्षेच्या मागे लागली. संध्याकाळी भाकरी थापून झाल्या की पाटी घेऊन विनताकडे यायची. भागाकार सुटला की स्वतःच टाळी वाजवायची आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून लाजायची.

आणि त्याच सुमारास विनताला प्रयोगासाठी बायका हव्या होत्या.

कॉलेजात संशोधनपद्धती आणि सांख्यिकी शरयू दीक्षित मॅडम शिकवायच्या. प्रमाण विचलन म्हटलं की वर्गातल्या निम्म्या मुली पेन खाली ठेवायच्या. विनताला मात्र आकड्यांची गोडी होती. तिनं विषयही नेमका काढला: एखाद्याला 'तुला जमलं नाही' असं सांगितलं, तर तो पुढचं काम लवकर सोडून देतो का?

प्रयोग सोपा होता. बाईला रंगीत लाकडी ठोकळे द्यायचे आणि कार्डावरच्या नक्षीप्रमाणे लावायला सांगायचे. मग तिला ते कसंही जमलेलं असो, विनता आत जाऊन नाणं उडवायची. छापा पडला तर सांगायचं, तुमच्या वयाच्या बायांपेक्षा तुमचं फार छान आलं. काटा पडला तर सांगायचं, फार कमी आलं. त्यानंतर एक असं कार्ड द्यायचं, जे त्या ठोकळ्यांनी लागतच नाही, आणि कोण किती वेळ धडपडते ते घड्याळावर पाहायचं.

बायका आधी कचरल्या. डोमाजींनी एकेकीला समजावलं. "माझी पोरगी हाय. बसा तिच्यासमोर, काही होत नाही."

मालनबाई हसतच बसली. पहिली नक्षी तिनं भराभर लावली, इतकी भराभर की विनता घड्याळ बघतच राहिली. आत येऊन तिनं नाणं उडवलं. काटा.

क्षणभर वाटलं, पुन्हा उडवावं. पण एकीसाठी नाणं दोनदा उडवलं तर त्या प्रयोगाला काय अर्थ? वर्गात मॅडम हेच तर घोकून घ्यायच्या: कोण कुठल्या गटात जाईल हे आपल्या मर्जीवर नको. विनता बाहेर आली आणि शिकवल्यासारख्या कोरड्या आवाजात म्हणाली, "मावशी, तुझं फार कमी आलं. तुझ्या वयाच्या बहुतेक बायांचं याच्यापेक्षा बरंच जास्त येतं."

"अच्छा," मालनबाई म्हणाली. हसू अजून तोंडावर तसंच होतं, फक्त आता त्याचं काय करावं हे तिला सुचत नव्हतं. दुसरं कार्ड तिनं थोडा वेळ पाहिलं, दोन ठोकळे जुळवले, आणि सगळं पुढे सरकवलं. "हे आपल्याच्यानं नाही होणार, विनता."

विनतानं वेळ टिपून घेतली. आणि तिला आनंद झाला. तिनं मांडलं होतं तसंच घडत होतं. आता, आईसमोर उभी असताना, तिला आठवला तो नेमका हा आनंद, आणि तिचे कान तापले.

प्रयोग संपल्यावर प्रत्येकीला खरं सांगायचं, असं मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं. विनतानं आधी ते लांबवलं, कारण गल्लीत गोष्ट फुटली तर राहिलेल्या बायकांचा उपयोग झाला नसता. मग गणितं करायची होती, टायपिंग होतं. मालनबाईचं येणं थांबलं, तेव्हा पेपर जवळ आलेत, घरी वाचत असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. आणि खरं म्हणजे, मावशी-काकी म्हणतो त्या बायकांच्या दारात जाऊन 'मी तुमच्याशी खोटं बोलले' हे म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, "सगळ्यांना सांगितलंस ना?" विनता म्हणाली, "हो मॅडम, सगळ्यांना."

पेढे वाटले त्या संध्याकाळी ती मालनबाईकडे गेली. दयाराम, मालनबाईचा नवरा, खाटेवर रेडिओ ऐकत होता. मालनबाई तांदूळ निवडत होती. पेढा हातात घेऊन ती म्हणाली, "बाबा वाटेत सांगून गेले. लय चांगलं केलं, बाई."

"मावशी, तू पेपर काहून नाही दिला?"

"काय देऊ? तूच तर सांगितलं, माझं किती येते ते."

विनतानं सगळं सांगितलं. नाणं, छापा, काटा, न लागणारं कार्ड. सांगता सांगता तिचा आवाज लहान होत गेला. "मावशी, तुझं तर खूप चांगलं आलं होतं. बहुतेकींपेक्षा चांगलं. मी खोटं बोलली."

मालनबाईनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. तिला राग आलेला दिसत नव्हता. उलट समजूत काढल्यासारखं ती म्हणाली, "राहू दे ना. मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिली तू."

"नाही मावशी, खरंच सांगून राहिली."

"तवा बी खरंच वाटलं होतं," मालनबाई म्हणाली. "घड्याळ लावून, कागद घेऊन बोलत होती तू. आता हात हलवत बोलून राहिली. कवा खोटं बोलली अन् कवा खरं, मी कशी ओळखू?"

दयारामनं रेडिओ बंद केला. "म्हणजे माझ्या बायकोले येडी ठरवून तू पास झाली," तो म्हणाला. कोणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तीच उठून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेली आणि मॅडमच्या खोलीचं दार लावून घेऊन सगळं बोलली. दीक्षित मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू माझ्याशी खोटं बोललीस," त्या म्हणाल्या, "आणि मी एका शब्दावर विश्वास ठेवला. एकाही बाईला जाऊन विचारलं नाही. सही माझी आहे." मग म्हणाल्या, "एकदा मनात बसवलेली गोष्ट नुसतं 'ते खोटं होतं' म्हटल्यानं निघत नाही. म्हणून तर लगेच सांगायचं असतं, समोर बसवून, पुन्हा ठोकळे देऊन. चल, आपण दोघी जाऊ. पण आधी वडिलांना सांग."

डोमाजींनी जेवता जेवता ऐकलं. घास हातातच राहिला. ते ओरडले असते तर विनताला सोपं गेलं असतं. "मी त्यायले बोललो होतो, काही होत नाही म्हणून," एवढंच ते म्हणाले, आणि ताट सारून हात धुवायला गेले. पुढे कितीतरी दिवस ते गल्लीच्या मागच्या रस्त्यानं ड्यूटीला जात राहिले.

मॅडम आणि विनता घरोघर फिरल्या. बऱ्याच जणी हसल्या; एकीला तर ठोकळे आठवतही नव्हते. पार्वताबाईंनी मात्र दोघींना उभंच ठेवलं. "पोरीचा अभ्यास हाय म्हणून आम्ही बसलो. अन् मॅडमजी, तुमच्या कॉलनीतल्या बाया नाही भेटल्या तुम्हाले, खोटं सांगायले?" दीक्षित मॅडमचा चेहरा उतरला. आपण आधी स्वतःला हे का विचारलं नाही, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. विनतानं मान खाली घातली ती बाहेर रस्त्यावर येईपर्यंत वर केली नाही.

मालनबाईनं मॅडमना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, "हो जी, हो जी," म्हणाली. मॅडमनी ठोकळे काढले, तेव्हा मात्र ती पदराला हात पुसत मागे सरकली. "ते नका दाखवू मले."

विभागानं विनताचे लघुप्रबंधाचे गुण कमी केले. ती उत्तीर्ण राहिली, पहिली राहिली नाही. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. थोडे जास्त कापायला हवे होते, असंच वाटलं.

पुढच्या वर्षी मालनबाई पेपरला बसली. शाळेतल्या सुहासिनी दीदी तिला शिकवत होत्या, हे विनताला आईकडून कळलं. बाकी सगळ्या विषयांत ती सुटली, गणितात राहिली. विनता त्या निकालावर किती रात्री जागली असेल. आपण 'कमी आलं' म्हटलं नसतं, तर ती पास झाली असती का? की गणित तिला तसंही अवघडच गेलं असतं? दोन गट घेऊन याचं उत्तर काढता येतं. एकट्या मालनबाईचं काढायची रीत तिला कुणी शिकवली नव्हती.

एके दिवशी तिनं धीर करून मालनबाईला वाटेत गाठलं. "मावशी, पूरक परीक्षेले बसते का? गणित मी करून घेऊ?"

मालनबाई थांबली. तिनं विनताकडे नीट पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, पण पूर्वीचं काहीही नव्हतं.

"बसणार हाय मी," ती म्हणाली. "पण तू नको शिकवू, बेटा. तू जवळ बसली की हात थांबते माझा."

आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ती शाळेकडे निघून गेली.