कर्ण्याच्या तोंडासमोर

हरिनाम बंद पाडणारी नर्स, अशी माझी ओळख आता नांदूरघाटच्या बाजारापर्यंत पोचली आहे. बंद मीच पाडलं, ते नाकारत नाही. पण काय बंद पाडलं आणि कशासाठी, हे कुणी सांगत नाही.

आमचं सरकारी आरोग्य केंद्र आणि मारुतीचं पटांगण यांच्यामध्ये एक पडकी भिंत आहे. सप्त्याचा मंडप पटांगणात उभा राहिला आणि एक कर्णा भिंतीजवळच्या लिंबाला बांधला गेला. तोंड बरोबर बाळंतपणाच्या खोलीच्या खिडकीवर. पहिल्याच दिवशी मी आमच्या शिपायाला, प्रविणला, सप्ता कमिटीकडं धाडलं. "जरा फिरवा म्हणावं, आत बाया असतात." निरोप आला, "मागच्या वस्तीला ऐकू जात न्हाई. तोंड तिकडंच ऱ्हाऊ द्या."

मला कीर्तनाचं वावडं नाही हो. माझ्या वडिलांनी, मोहनरावांनी, हयातभर मृदंग वाजवला. त्यांच्या शेजारी पोत्यावर झोपून मी मोठी झाले. माझी सायली पाच महिन्यांची आहे, तिलाही हरिपाठाचे टाळ सुरू झाले की डोळा लागतो. सप्त्याच्या पंगतीला आमच्या क्वार्टरमधून रोज चपात्या गेल्या. ड्युटीवरून यायचं, एका मांडीवर पोर घ्यायची आणि लाटायला बसायचं. काल्याच्या कीर्तनाला तर मी कधी चुकले नाही. बुवा बाळकृष्णाच्या खोड्या सांगायला लागले की हसता हसता माझे डोळे भरून येतात, हे दरवर्षीचं आहे. यंदा सायलीला मांडीवर घेऊन बसायचं ठरवलं होतं. रजा मागितली तर डॉक्टर म्हणाले, "दिपाली मॅडम, बाळंतपणाची एवढी रजा झालीच की तुमची." जणू मी ती रजा माथेरानला घालवली होती!

तर काल्याच्या सकाळी सासूबाई सायलीला घेऊन मंडपात गेल्या आणि मी खोलीत. डॉक्टर मीटिंगला बीडला गेलेले. करिष्मा नावाची पहिलटकरीण कळा घेऊन आली. ऊसतोडीला कोयत्यावर जाणारं घर, नुकतेच साखर कारखान्याहून परतलेले. सोबत तिची सासू भिवराबाई. पोर धीराची होती. कळ आली की माझं मनगट धरायची आणि कळ गेली की "सिस्टर, तुमाला लागलं का ओ?" असं विचारायची.

पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं मशीन आमच्याकडं होतं. ते बिघडलं, दुरुस्तीला गेलं, तिकडंच राहिलं. मग उरली जुनी लाकडी नळी. तिचं एक टोक पोटावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा. शांत खोलीत त्या नळीतून बाळाचं काळीज असं स्पष्ट ऐकू येतं, की वाटावं दूर कुठंतरी कुणी पखवाजावर बोटं फिरवतंय.

एका कळेनंतर मला ते ठोके मंदावल्यासारखे वाटले. पुन्हा कान लावला, तर बुवांनी गजर धरला आणि खिडकीची तावदानं थरथरली. खिडकी लावली, फटींत चादरी कोंबल्या. काही उपयोग नाही. कानात फक्त विठ्ठल विठ्ठल. माझ्या आवडीचं नाव, आणि मी दात आवळून ऐकत होते.

हे ठोके कळणं जरुरीचं होतं. बाळ ठीक असेल तर इथंच बाळंतपण करायचं. दमत असेल तर ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवायची आणि बाळाला श्वास द्यायची तयारी मांडून ठेवायची. उगाच बीडच्या रस्त्याला लावली, तर पोर वाटेतच मोकळी व्हायची. अंदाजानं करायची ही गोष्ट नव्हे.

प्रविणला पळवलं. तो हात हलवत परत आला. "तात्या म्हणले, हंडी फुटल्यावर बघू."

तात्या म्हणजे विठ्ठलराव, सप्ता कमिटीचे अध्यक्ष आणि गावातले मोठे बागायतदार. मी करिष्माला डाव्या कुशीवर वळवली, आमच्या आयाबाईला तिच्याजवळ बसवलं आणि भिंतीच्या खिंडारातून मंडपात शिरले.

पहिल्यांदा मला बघितलं ते सायलीनं. सकाळपासून उपाशी लेकरू, आईचा चेहरा दिसला आणि तिनं भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून मला पान्हा फुटला. ॲप्रन समोरून ओला झाला. पुरुषांच्या बाजूनं जायचं होतं, हात छातीशी धरून गेले.

"आली बघ माय," विठ्ठलराव पुढच्या रांगेत हसले. "बस बाई, पाज लेकराला आधी. इथं कोण परकं हाय?"

"तात्या, मागचा कर्णा थोडा वेळ बंद करा. बाई अडलीय, बाळाचे ठोके ऐकू येत नाहीत."

"आगं, देवाचं नाव ऐकत जलमतंय लेकरू! लई नशीबवान हाय."

आजूबाजूचे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ते जन्मल्यावर ऐकंल नाव. आधी ते जिवंत हाय का, हे मला ऐकू द्या!"

"असं अभद्र बोलू नये काल्यात," मागून कुणीतरी म्हणालं.

मी स्पीकरवाल्या शिवशंकरकडं वळले. तो मान खाली घालून बटणं पुसत बसला. "तात्याचा हुकूम पायजे, ताई. माझं पोट हाय."

"तात्या," मी म्हणाले, "तुमच्या लेकीच्या, राजनंदिनीच्या बाळंतपणाला बीडच्या दवाखान्यापुढं कुणी गाडीचा हॉर्न वाजवला, तर तुम्ही त्याची गचांडी धरली होती. साऱ्या गावाला तुम्हीच सांगत होता. करिष्माचं लेकरू काय दगडाचं हाय?"

विठ्ठलरावांचं तोंड लाल झालं.

"कंत्राटी हायस बाई तू. इसरू नको. आन् पोरगी घरी रडत ठिवून गावाला शिकवाया येऊ नको."

घरी कुठं? पोर तिथंच होती, दहा पावलांवर, सासूबाईंच्या मांडीवर हात पाय झाडत. तिला उचलायला माझे हात शिवशिवत होते. मी तिच्याकडं पाठ केली आणि शिवशंकरच्या टेबलामागं जाऊन जाड वायर बोर्डातून उपटली.

मंडप एकदम गप्प. बुवांचे ओठ हलत होते, आवाज पहिल्या दोन रांगांपुरता. मग त्यांनी गळ्यातला हार सारखा केला, टाळकऱ्यांना हातानं जवळ बोलावलं आणि उघड्या गळ्यानं पुढं म्हणायला लागले. लोक सरकून जवळ बसले. जुन्या दिवसांत कीर्तन असंच तर व्हायचं! थांबून ऐकायची इच्छा झाली, खोटं कशाला बोलू.

पळत खोलीत आले, हात धुतले, नळी लावली. कळ आली, ओसरली, आणि खाली गेलेले ठोके वर यायला फार वेळ घेत होते. बाळ दमलं होतं. प्रविणनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. मी श्वासाची पिशवी आणि मास्क काढून उशाला मांडला. ॲम्ब्युलन्स यायच्या आत डोकं दिसायला लागलं. मानेभोवती नाळेचे वेढे, पोरगं निळं, गप्प. पिशवी हाताशी होती म्हणून. शोधत बसले असते, तर काय झालं असतं ते मी बोलून दाखवणार नाही. दाबत राहिले, पांडुरंगा, पांडुरंगा म्हणत दाबत राहिले, आणि पोरगं मांजरासारखं कुरकुरलं, मग चांगलं ठणाणा ओरडलं.

"आगं बाई," भिवराबाई मटकन खाली बसल्या, "किती मोठ्यानं बोंबलतंय मेलं!"

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा बाळ गुलाबी झालं होतं. तरी तपासणीला म्हणून मायलेकरांना बीडला पाठवलं. सासूबाई दारात सायलीला घेऊन उभ्या होत्या, कधी आल्या कोण जाणे. त्यांनी पोर माझ्या ओटीत टाकली. मी खोलीतल्याच स्टुलावर बसून तिला अंगावर घेतलं. इतकी भुकेली, की हुंदके देत पीत होती.

"आत्याबाई, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही ना मी तुम्हाला?"

"तोंडाचं काय करायचंय?" त्या म्हणाल्या. "हंडी फुटली बग. लाह्या आणल्यात तुला. खा."

तेवढ्यात कर्णा पुन्हा सुरू झाला. सायली दचकून अंगावरून सुटली. मला वाटलं आरती असेल, हात आपोआप जोडले गेले. आरती कसली! आभार चालले होते. मंडपवाले अमुक, पाण्याचे टँकरवाले तमुक, साखरेचं पोतं देणारे, हारांचे, फेट्यांचे, आणि आमचे मार्गदर्शक विठ्ठलराव तात्या, टाळ्या. देवाचं नाव कुठं नव्हतं. देवाचं नाव म्हणून मी याच कर्ण्यापुढं दात आवळून बसले होते!

त्यातच डॉक्टरांचा फोन आला. विठ्ठलरावांनी थेट वरच्या साहेबांकडं तक्रार केली होती. धार्मिक कार्यात अडथळा, शिवाय ड्युटीवर लेकरू आणते.

"मॅडम, विषय वाढवू नका. आत्ताच मंडपात जा, दोन शब्दांत माफी मागा, मिटवून टाका."

"सर, ते बाळ वाचलंय."

"काय? मोठ्यानं बोला. मागं काय चाललंय? मला ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही ना, सर?" मी म्हणाले. "मलाही येत नव्हतं."

ते बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिले. मी फोन खिडकीत ठेवून दिला. सायलीला पुन्हा छातीशी घेतलं आणि दुसऱ्या हातानं तिचा कान झाकून धरला.

माफी मी मागितलेली नाही. देवापुढं हात जोडले, लेकरू उपाशी ठेवलं म्हणून सायलीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यापलीकडं कुणाचं देणं मला लागत नाही.