चहा उजव्या हातात

नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ सोडला की सगळ्यांत पुढे आमची होडी निघते. यंदा आजोबांना, म्हणजे आप्पांना, पंचाहत्तर झाली, आणि त्यांनी जाहीर केलं की सुकाणू नातवंडांपैकी एकाने धरायचं. नातवंडं दोनच. एक मी, ईशा, दाभोळच्या पाण्यात वाढलेली. दुसरा चुलतभाऊ अजिंक्य, मुंबईत बँकेत असतो आणि त्याला जेटीवर उभं राहूनही मळमळतं.

आप्पांनी अजिंक्यला निवडलं. का, तर मी डावखुरी. मला इतका राग आला की मी जेवलेच नाही. खोटं कशाला बोलू, जेवले, पण भांडी आपटली.

आदल्या दिवशी सरावाला निघालो. आप्पा सुकाणूवर, अजिंक्य बादली घेऊन, मी भांडण घेऊन. मर्चंट नेव्हीच्या क्लासमधलं ताजं हत्यार मी उपसलं.

"आप्पा, जहाजाच्या उजव्या बाजूला इंग्रजीत स्टारबोर्ड म्हणतात. त्यात तारे नाहीत. स्टिअर म्हणजे वळवणं, बोर्ड म्हणजे फळी. पूर्वी सुकाणू मागे नसायचं. उजव्या कडेला फळी बांधून जहाज वळवायचे."

"उजव्याच का गो?"

"कारण बहुतेक माणसं उजव्या हाताची," मी म्हणाले आणि जीभ चावली. हातचं हत्यार आपल्याच पायावर.

"बघ. गोऱ्यांनापन ठावं होतं," आप्पा म्हणाले. अजिंक्यने बादलीतूनच मान डोलावली.

ती फळी मागे मधोमध येऊन शेकडो वर्षं झाली, हे मी ओरडून सांगत होते, पण ऐकतंय कोण. आप्पा चहाचा ग्लास नाचवत उजव्या हाताची थोरवी गात होते. तेवढ्यात मला दिसलं. ग्लास उजव्या हातात होता. जन्मभर तिथेच होता.

"आप्पा, सुकाणू कुठल्या हातात आहे?"

त्यांनी खाली पाहिलं. घाईघाईने हात बदलायला गेले, निम्मा चहा अजिंक्यच्या डोक्यावर, होडी गरकन फिरली. आम्ही तिघेही हसून हसून आडवे झालो. अजिंक्य बिचारा म्हणाला, "आप्पा, तिलाच द्या. मी ढोल वाजवतो."

आप्पांनी उरलेला चहा संपवला आणि होडी जेटीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी नारळ पाण्यात पडला, ढोल सुरू झाला. आप्पांनी माझा डावा हात धरून सुकाणूवर ठेवला. मग उजव्या हातात काठोकाठ भरलेला ग्लास दिला.

"ह्यो सांडलास तर खाली उतरवीन."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. एक थेंब सांडला नाही.