कडेची सून

हौसेला मोल नसतं म्हणतात. जागेश्वरला मात्र आता ते लावायचं होतं. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात दिवसभर लुगडी उलगडायची, शेठची बोलणी खायची आणि रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून गल्लीतल्यांचे फुकट फोटो काढायचे, यात त्याची जवानी गेली. फुकट होतं तोवर सगळे वाहवा करत. पैशाचं नाव काढलं की तेच लोक तोंड फिरवत. म्हणून रामदासपेठेतल्या यमुताईंनी घरच्या सगळ्यांचा फोटो काढायला बोलावलं तेव्हा त्याला वाटलं, हे घर खूश झालं तर अख्खी पेठ आपली, आणि शेठला रामराम ठोकता येईल.

यमुताईंनी फाटकापासूनच हिणवायला सुरुवात केली. "चपला बाहेर. या डबड्यानं फोटो काढणार तू?"

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मधे यमुताई, दोन्ही बाजूंना मुलगे मुकुंद आणि अनंत, मागे सुना. मुकुंदची बायको चारुशीला हिचे वडील चंपतराव उमरेडहून आले होते. ते ओसरीवर बसून कौतुकानं पाहत होते.

"चारुशीला कडेला उभी राहील," यमुताई म्हणाल्या.

जागेश्वरनं कॅमेऱ्यातून पाहिलं. पोरगी सगळ्यांत उंच. फोटो एका अंगाला कलंडत होता. "तिथं बरं नाही दिसून राहिलं, बाई. सूनबाई, तुम्ही मधात या, सासूबाईच्या मागं."

"कडेला म्हटलं ना मी."

"फोटोचं मले समजते, बाई. काम करू द्या."

यमुताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण समोर व्याही बसले होते. चारुशीला मधे आली. बाकीचे एरंडेल प्याल्यासारखे बसलेले, ती तेवढी हसली. जागेश्वरनं बटण दाबलं आणि स्वतःचीच पाठ थोपटली. मूर्ख कुठला. धंद्यातला कुठलाही जुना फोटोवाला सांगेल, घरचे ज्याला कडेला उभं करा म्हणतात त्याला तिथून हलवायचं नसतं.

चंपतराव गावी परतले आणि यमुताई थेट दुकानात आल्या.

"चारुशीलेला फोटोतून काढून टाक."

"काहून?"

"पोरबाळ होत नाही तिला. माहेरी धाडायची आहे, कायमची. बापाला आत्ताच कळू नये म्हणून फोटोत घेतली. कडेला असती तर कात्रीनं काम झालं असतं. तू दीडशहाणा निघालास."

"मधातलं माणूस कापता येत नाही, बाई. निगेटिव्हवर ब्लेडनं चेहरा घासा लागते. काळा डाग राहीन."

"राहू दे. नाहीतर पेठेत तुला कुत्रंही विचारणार नाही, अशी व्यवस्था करीन."

मागून शेठ ओरडला, "जागेश्वर, गिऱ्हाईक काय तुझ्या बापानं सांभाळायचं?"

संध्याकाळी घरी येऊन त्यानं ब्लेड घेतलं. आधी तिचं हसू गेलं, मग डोळे. त्याला स्वतःची किळस आली, पण हात थांबला नाही.

यमुताईंनी फोटो उजेडात धरला. "डाग फार दिसतो."

जागेश्वर मान खाली घालून म्हणाला, "नव्या सूनबाईच्या वेळेस पहिलेच सांगून ठेवा, बाई. कडेलेच उभं करीन."