नखाएवढे मुखचित्र

मित्रांनो, मी एक जुने मुखचित्र आहे. पुस्तकाचे नव्हे, एका छोट्या संगणकी खेळाचे. असे खेळ हल्ली संगणकावरच्याच दुकानात मांडतात आणि प्रत्येकाच्या दारावर एक चित्र लावतात. ते पाहून माणसे आत येतात, नाहीतर पुढे जातात. माझ्यासमोरून जवळजवळ सगळे पुढे गेले.

माझा जन्म किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाला. खालून दिवसभर कानशीची करकर येई. वर एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ काम करत. बहिणीला सगळे ताई म्हणत. भाऊ चांगला सहा फूट उंच, दारातून वाकून येणारा, तरी घरात त्याचे नाव बारक्या. ताई चित्रे काढी, बारक्या ती हलती-चालती करी. त्यांची आई खिडकीशी बसून लोकांच्या कपड्यांना बटणे लावून देई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सुईत दोरा ताई ओवून देई, बाकीचे काम आई बोटांच्या अंदाजाने करी.

त्यांचा खेळ अगदी साधा होता. एक नावाडीण धुक्यातून एकेका माणसाला नदीपार नेते आणि उतरताना तो माणूस मागे राहिलेल्या एका वस्तूबद्दल तिला सांगतो. त्यात मारामारी नव्हती की शर्यत नव्हती. यात दोघांची तीन वर्षे गेली. ताईने शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली. बारक्याला दूरच्या शहरातून कामाचे बोलावणे होते, ते त्याने लांबवत ठेवले होते. दोघांचे ठरले होते, खेळ लोकांनी उचलला तर इथेच बसून दुसरा करायचा. नाही उचलला तर बारक्याने जायचे. त्या घराचे सगळे या एका गोष्टीवर अडले होते, आणि त्या खेळाच्या दारावर मी होते.

ताईने मला घडवायला चार महिने घेतले. तिने माझ्यात काय काय घातले म्हणून सांगू? नावेत तेवीस माणसे बसवली आणि प्रत्येकाच्या हातात त्याची वस्तू दिली. कुणाकडे रिकामा पिंजरा, कुणाकडे मोडकी छत्री, एका म्हाताऱ्याच्या मांडीवर एकाच पायाचा बूट. धुक्याला सात तऱ्हांचा राखाडी रंग लावला. नावाडीण काढताना आईला समोर बसवले आणि तिच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा जशाच्या तशा उतरवल्या. वर खेळाचे नाव लिहिले, ‘नदीपलीकडे जाताना माणसे मागे ठेवतात त्या गोष्टी’. ते नाव बारक्याचे. ताईने त्याची अक्षरे लाटांसारखी वळवली.

मला दर थोड्या दिवसांनी नवे नाव मिळे. आधी ‘मुखचित्र शेवटचे’, मग ‘मुखचित्र खरेच शेवटचे’, मग ‘आता हात लावायचा नाही’. त्यानंतरही अकरा वेळा हात लागला.

ताईचा पडदा जेवणाच्या ताटापेक्षा दुप्पट रुंद होता. त्यावर मी पसरले की खोली भरल्यासारखी वाटे. खालचे किल्लीवाले काका चहा प्यायला वर आले, तर कप हातात धरून उभेच राहिले. “बूटवाला बघ, अगदी माझ्या सासऱ्यांसारखा बसलाय,” ते म्हणाले. “ताई, हे फ्रेम करून भिंतीवर लावण्यासारखं आहे.” ताईच्या मैत्रिणी आल्या, त्यांनी एकेक माणूस मोजला. मी फुगले. खोटे कशाला बोलू?

एकटी आई दारात थांबली आणि डोळे बारीक करून बघत राहिली.

“काय दिसतंय गं?” ताईने विचारले.

“खरं सांगू? ओलं फडकं वाळत घातलंय असं दिसतंय.”

बारक्या खो खो हसला. “आई, अगं त्यात तूच आहेस.”

“असेन बाबा. मला काही मी सापडत नाहीये.”

“ऑपरेशन होऊ दे, मग बघ,” ताई म्हणाली, आणि तिने आईला हाताला धरून खिडकीशी नेऊन बसवले.

मला आईचा राग आला होता. आज त्या रागाची लाज वाटते. कारण दुकानात मला कोणी ताटाएवढे बघणार नव्हते. तिथे प्रत्येक चित्र नखाएवढे होते, आणि इतक्या लहान चित्राकडे चांगल्या डोळ्यांची माणसेसुद्धा आईच्याच नजरेने बघतात. हे त्या घरात एकटी आई सांगू शकत होती. तिने सांगितलेही. पण तिला दिसत नाही, हे सगळ्यांना पक्के ठाऊक होते.

मी दुकानात गेले. माझ्या एका बाजूला पिवळ्या रंगावर एक काळी मांजर होती, दुसऱ्या बाजूला नुसता एक लाल दरवाजा. त्यांच्यामध्ये माझी तेवीस माणसे एकमेकांत विरघळली. पिंजरा, छत्री, बूट, काही उरले नाही. लाटांसारखे वळवलेले नाव मुंग्यांच्या रांगेसारखे दिसू लागले. नव्या खेळांच्या रांगेत पहिले काही दिवसच जागा मिळते, मग मागून नवे येतात आणि जुने खाली ढकलले जातात. लोकांचे अंगठे येत, मांजरीशी थबकत आणि माझ्यावरून सरकून दरवाजाकडे जात.

“किती जणांनी घेतला?” आई रोज सकाळी विचारी.

“कालच्यापेक्षा दोन जास्त,” बारक्या सांगे. “दोघंही आपले मावसभाऊ.”

आठव्या दिवशी ताई आईला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. बाकावर बसल्या बसल्या तिने फोन काढला आणि दुकान उघडले. ती मला शोधत होती. तिचा अंगठा वरून आला, मांजरीशी जरासा थांबला आणि माझ्यावरून निघून गेला. थोड्या वेळाने तो खालून परत आला आणि पुन्हा निघून गेला.

मित्रांनो, जिने चार महिने मला घडवले, तिने मला ओळखले नाही.

“सापडलं का गं?” आईने विचारले.

ताईने अंगठा पुन्हा वर नेला. तिसऱ्यांदा सापडले तेव्हा तिने फोन हळूच पालथा घालून मांडीवर ठेवला.

घरी येऊन तिने एका दुपारात नवे चित्र काढले. काळ्या रंगावर एक कंदील आणि कंदिलामागे नावाडिणीचा चेहरा. बाकी काही नाही. नाव मात्र अडले.

“दोन शब्द. त्याहून जास्त मावत नाहीत, बारक्या.”

“मग खेळही दोन मिनिटांचा करू या.”

“कुणाला वाचताच येत नाहीये रे.”

“तीन वर्षं मी त्या नावानं उठतोय. कापायचं तर तू काप. मला विचारू नकोस.”

तिने कापले. ‘मागे राहिलेले’ एवढेच ठेवले. बारक्या त्या दिवशी जेवायला बसला नाही.

नवे चित्र चांगले होते. ते पडद्यावर नखाएवढे करून ताईने आईला दाखवले, तेव्हा आई लगेच म्हणाली, “दिवा घेऊन कुणीतरी आहे.” पण तोवर नव्यांची रांग खूप पुढे गेली होती. काही माणसे आली. एकाने लिहिले, ‘हा खेळ मला आधी का दिसला नाही?’ बारक्याने ते वाचले आणि संगणक बंद केला. महिन्याभरात तो दूरच्या शहरात कामाला गेला. तिथे तो औषधांच्या गोदामाचा हिशेब ठेवणारे यंत्र चालवतो. ताई साबणाच्या वेष्टनांची चित्रे काढते. दोघे फोनवर बोलतात ते आईच्या डोळ्यांबद्दल. खेळाबद्दल कोणी बोलत नाही.

मी ताईच्या संगणकातल्या, आता कोणी उघडत नाही अशा कप्प्यात आहे. माझी तेवीस माणसे अजून जिथल्या तिथे बसलेली आहेत. मी सुंदर होते, हे मला पुष्कळांनी सांगितले. दिसत नाही, हे सांगणारी एकच होती, आणि तिचे बोलणे हसण्यावारी गेले. माझ्यामुळे एक खेळ बुडाला आणि एक भाऊ घराबाहेर गेला. आता मला कितीही मोठे करून पाहिले, तरी त्यात काही बदलणार नाही.

मित्रांनो, तुम्हीही दुकानात अंगठ्याने चित्रे सरकवत जाल. न आवडलेल्या चित्राशी रेंगाळा, एवढे मी मागत नाही. पण एखादे चित्र नुसते राखाडी दिसले, तर एकदाच, बोट ठेवून, ते उघडा. आत कोणीतरी तीन वर्षे बसलेले असते.