कडेचे केस

गुरतेजनं पगडी उतरवून मांडीवर घेतली आणि डोक्यावरच्या केसांची गाठ सोडली. उजव्या कानाच्या वर रुपयाएवढं टक्कल पडलं होतं, डावीकडे त्याहून मोठं. आजवर ते फक्त त्याच्या बायकोनं पाहिलं होतं. डॉक्टर हुगारबाईंनी दिवा जवळ ओढला.

"चट्ट्याच्या मधोमध घेऊन उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "कडेला, जिथं केस अजून आहेत, तिथली कातडी तपासायला हवी. मसुराच्या दाण्याएवढी. एखादा आजार मुळंच मारत असेल तर ते आत बघितल्याशिवाय कळायचं नाही. आणि मेलेलं मूळ परत जगत नाही."

"म्हणजे केस कापणार?"

"थोडे. तेवढ्यापुरते."

बाहेर बाकावर त्याचे वडील, पापाजी, बसले होते. बिदरच्या गुरुद्वाऱ्यात ग्रंथसाहिब वाचणारे ग्रंथी म्हणून त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. घरात कुणाच्या केसाला कधी कात्री लागली नव्हती. डोक्यात पुरळ उठलंय, एवढंच त्यानं त्यांना सांगितलं होतं. तरी ते चपला घालून बरोबर निघाले होते.

"राहू द्या, मॅडम." तो खाटेवरून उतरू लागला.

"अहो, असं पळून जाऊन केस उगवणार आहेत का?" बाईंचा आवाज जरा चढला.

दार ढकलून पापाजी आत आले. मुलाचं उघडं डोकं पाहून ते जागीच थांबले. गुरतेजनं घाईघाईनं पगडी उचलली, पण ती नुसतीच हातात राहिली. डॉक्टरांनी सगळं पुन्हा सांगितलं.

"कात्रीशिवाय नाही व्हायचं?" पापाजींनी विचारलं.

"होईल. कुणीतरी केस बाजूला धरून ठेवले पाहिजेत. पण तुकड्याबरोबर दोन-चार जातीलच, मुळासकट."

पापाजी कोपऱ्यातल्या बेसिनशी गेले आणि साबण लावून हात धुऊ लागले. "जातील ते जातील," ते पाठमोरेच म्हणाले. "मी धरतो."

सुई टोचली, मग डोकं बधिर झालं. केसांत वडिलांची बोटं तेवढी गुरतेजला जाणवत होती.

त्यानंतरचा आठवडा त्यानं कसाबसा काढला. त्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गिऱ्हाइकानं क्लचची वायर मागितली तर हा ब्रेकची काढून द्यायचा. पापाजी फक्त टाक्याची जागा रोज बघून जायचे.

रिपोर्टच्या दिवशीही ते बरोबर आले.

"आजार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मुळं ओढून ओढून थकलीत. केस फार आवळून बांधता तुम्ही, पगडीही. जरा सैल बांधा. वेळेत आलात, केस येतील."

"आवळून?" पापाजी ताठ झाले. "मीच शिकवलंय ह्याला. मला माझ्या बापानं शिकवलं. सैल बांधायला ती काय वैरणीची पेंढी आहे? आमच्यात कुणाला कधी काही झालं नाही."

"कुणी बघितलंय का पण?" डॉक्टरांनी साधेपणानं विचारलं.

गुरतेजनं पापाजींकडे पाहिलं. त्यांचे मोकळे केस आपण शेवटचे कधी पाहिले, हे त्याला आठवेना. कित्येक वर्षं ते सगळ्यांच्या आधी उठून न्हायचे आणि पगडी बांधूनच खोलीबाहेर यायचे.

"पुत्तर, दार लाव."

तो उठला, बाहेर गेला आणि दार ओढू लागला.

"आतून," पापाजी म्हणाले, आणि पगडीत खोचलेलं टोक चाचपून त्यांनी ते बाहेर काढलं.