भामाबाईचा भरला सिलिंडर

मित्रांनो, मी एक जुना टर्बाइन हाय, गॅसवर वीज करणारा, आटपाडीच्या माळावरचा. पण ऐका, झिजून जुना झालो न्हाई मी, बसून बसून झालोय!

मला आणला तवा लय कौतुक. हार, नारळ, पेढे! माझ्या पायाचं काँक्रीट गावातल्या आण्णांनी कालवलं. त्यांचा पुतण्या मिलिंद माझा ऑपरेटर झाला. सांजच्याला घरोघरी दिवे लागले, वीज कमी पडली की मलाच हाक यायची, अन् चहा होऊस्तवर मी पळायला लागायचो.

मग गॅस महागला. लांबनं येणाऱ्या पाइपातनं यायचाच बंद झाला. आता पोटातला फिरता दांडा वाकू नये म्हणून मला नुसतं हळूहळू फिरवतात, अन् तेबी गावाच्याच लाइनीवर. वीज करणारा मी, वीज खात बसलोय.

आण्णांच्या छातीतला दम गेला, घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. डॉक्टर म्हणाले, सांगलीत लेकीकडं ऱ्हावा, तिथं लाइट जात न्हाई. आण्णांनी ऐकलं न्हाई. दारात विजेचा कारखाना असताना लाइट कशाला जाईल, म्हणाले.

यंदा उन्हाळ्यात एका सांजंला सगळ्या भागाची लाइट गेली, आण्णांचं मशीन बंद पडलं. मिलिंद माझ्याकडं पळाला. गॅसचा काटा तळाला. दवाखान्याची गाडी अजून वाटेतच. तेवढ्यात गेटवर आण्णांची बायको भामाबाई आली, हातगाड्यावर घरचा सिलिंडर घेऊन.

"गॅस संपलाय म्हनं तुमचा. ह्यो घे मिलिंदा, भरल्याला हाय. जोड."

वॉचमन गुंडा हसला, अन् लगेच हातगाडा धरायला पुढं झाला. असले ट्रकभर सिलिंडर मी एका घासात गिळतो, हे तिला कसं सांगावं?

"काकू, यानं न्हाई व्हायचं."

"मग कशानं हुतंय? सांग की. मी आनते."

मिलिंदनं सिलिंडर उतरवून गेटपाशी ठेवला.

लाइट आली तवा आण्णांचं मशीन आपसूक सुरू झालं. नळी नाकातच होती. आण्णा न्हवते.

सिलिंडर अजून गेटपाशीच हाय. भामाबाई न्यायला आली न्हाई. मिलिंद रोज मला पुसतो, तेल देतो. साहेब येतात, म्हणतात, काय जपलंय!

मित्रांनो, ह्याला जपणं म्हणू नका. मला गॅस द्या अन् पळवा. न्हाई जमत, तर खुशाल मोडून भंगारात घाला. पण माळावर असा चकचकीत उभा ठेवू नका. माझ्याकडं बघून कुणीतरी घरीच थांबतंय.