राग टाकायची रीत

आमच्या लुकांग गावात नवरी माहेरच्या दारातून निघते, तेव्हा गाडीच्या खिडकीतून हातातला पंखा टाकते. आमच्या बोलीत पंखा, आडनाव आणि स्वभाव हे तिन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. म्हणून पंखा टाकला, की माहेरचं आडनाव आणि लहानपणापासूनचा राग दोन्ही आईच्या दारात राहिलं. मग पोरगी शहाण्यासारखी नांदते, असं म्हणतात. पंखे करण्यात माझा जन्म गेला आणि गावातल्या निम्म्या नवरीमुलींनी आमच्याच दुकानातले पंखे टाकले. आणि माझी पेई-युन म्हणते, "आई, बाकी सांगशील ते करते. पंखा टाकणार नाही."

तिचा राग सगळ्या गल्लीला माहीत आहे. तिचे वडील गेले त्या वर्षी थोरले भाऊजी दुकान भाड्याने द्यायला एका माणसाला घेऊन आले. थंडगार चहाचं दुकान टाकायचं होतं त्याला. मला विचारलं नव्हतं. मी आत चहा करायला गेले, कारण मला तेवढंच सुचत होतं. पेई-युन शाळेच्या गणवेशात दारात बसून बांबू चिरत होती. ती उठली आणि म्हणाली, "मोठे काका, चपला काढून आत या, नाहीतर चपलांसकट बाहेर जा. दुकान बाबांचं आहे आणि आता आईचं." हातात सुरी होती, हे तिच्या लक्षातच नव्हतं. भाऊजींच्या मात्र होतं. तो चहावाला परत कधी दिसला नाही.

त्या रागाच्या जिवावर मी इतकी वर्षं दुकान चालवलं. आणि आता त्याचीच धास्ती घेतली होती. सासर आहे, सासू आहे, रोज कुणीतरी काहीतरी बोलणार. ही पंखा न टाकता गेली आणि राग तिकडे घेऊन गेली, तर संसार किती दिवस टिकेल?

तशी लग्नात त्या दोघांनी सगळी आपलीच तऱ्हा चालवली होती. गुआन-तिंग, म्हणजे आमचा जावई, सायकली दुरुस्त करतो. हातांची काळी नखं कितीही घासली तरी तशीच, पण माणूस सोन्यासारखा. हॉटेल नको, भाड्याचे झगे नकोत, फोटोंचा जाडजूड अल्बम नको. त्याच्या घरासमोरच्या गल्लीत मांडव घालायचा, तिथेच आचाऱ्याने चुली मांडायच्या. नातेवाइकांना द्यायला शेजारच्या भट्टीतली, बैलाच्या जिभेच्या आकाराची लांबट बिस्किटं. नवरीची गाडी म्हणजे त्याचा निळा टेम्पो, ज्यात एरवी मोडक्या सायकली येतात.

भाऊजी म्हणाले, "ही बिस्किटं देवळाबाहेर कुणालाही मिळतात. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, ताजी आहेत," पेई-युन म्हणाली.

आमंत्रणं तिने पंख्यांवर रंगवली. ती बघून मात्र मीही कपाळाला हात लावला. पंखा कुणाला भेट द्यायचा नसतो, ताटातूट होते. पंखे करणाऱ्या घरातल्या पोरीने हे विसरावं? पण गल्लीतली माणसं हुशार. ज्याच्या घरी आमंत्रण गेलं, तो हातात एक नाणं घेऊन आला. नाणं दिलं, की भेट उरत नाही, विकत घेतलेला होतो. दिवसभर दुकानात रांग. संध्याकाळी पेई-युन म्हणाली, "बघ आई, एका दिवसात एवढे पंखे बाबांनीही विकले नव्हते." मी चिडायचं ठरवलं होतं, पण हसू आलं.

पंख्याचा विषय निघाला, की मात्र हसू थांबायचं. एकदा गुआन-तिंगने मध्यस्थी करून पाहिली. खिशातून बॅटरीवर चालणारा छोटा पंखा काढून माझ्यापुढे धरला. "काकू, हा टाकू दे का तिला? रीतही होईल, आणि तिचा खरा पंखाही राहील."

"टाक की," पेई-युन आतून ओरडली. "राग चार्ज होऊन परत येईल."

मी त्याला विचारलं, "तुला नाही का रे भीती वाटत तिच्या रागाची?"

तो नखं बघत म्हणाला, "वाटते ना. पण काकू, मला गिऱ्हाईक फसवतं तेव्हा मी गप्प बसतो. ती बसत नाही. माझ्या आईला तर ती त्याचसाठी आवडते. आई म्हणते, आपल्या घरात एकाला तरी बोलता यायला हवं."

हे ऐकून मी पुष्कळ वेळ बांबूच्या काड्या नुसत्याच सारख्या करत बसले. त्या न पाहिलेल्या विहिणीचे मी मनातल्या मनात पाय धरले.

लग्नाच्या सकाळी पेई-युन निरोप घ्यायला माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. लाल झगा तिने स्वतःच शिवला होता, एक बाही जरा लांब. अशा वेळी आईने काय बोलायचं ते ठरलेलं असतं, सासूचं ऐक, नवऱ्याला सांभाळ. ते माझ्या तोंडून निघेना.

"तुझ्या रागामुळे हे दुकान, हे घर माझं राहिलं," मी म्हणाले. "तुझे उपकार आहेत माझ्यावर. न्यायचा असेल तर घेऊन जा. नको टाकूस पंखा."

तिच्या डोळ्यांतलं काजळ पसरलं, ते मी माझ्या रुमालानं पुसलं आणि आणखी पसरवलं.

फटाके वाजले. टेम्पो सुरू झाला. रिवाज असा, की नवरीने मागे वळून बघायचं नाही. हिने खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन मागे पाहिलं. हातात पंखा होता.

"आई," ती फटाक्यांच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली, "मी टाकत नाहीये. तुझ्याकडे ठेवतेय. मला तिकडे नवा राग येईल, तुला इथे कोण आणून देणार?"

आणि पंखा माझ्या पायांशी येऊन पडला.

मी तशीच उभी. माझ्या मागे भाऊजी पाण्याची बादली घेऊन आले. गाडीमागे पाणी ओततात. ओतलेलं पाणी परत येत नाही, तशी पोरगीही परत येऊ नये, सुखात राहावी म्हणून.

"ओत, सू-चिन, गाडी चालली," ते म्हणाले.

"नाही ओतायचं," मी म्हणाले.

"अगं, रीत आहे."

"असू दे. माझ्या पोरीला परत यायचंय. उद्या यावंसं वाटलं तर उद्या. तिच्या घरी यायला तिला कुणी अडवणार नाही, आणि भाऊजी, तुम्ही तर मुळीच नाही."

माझा आवाज समोरच्या घरापर्यंत गेला असावा, कारण तिथली म्हातारी दारात आली. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग बादली हळूच खाली ठेवली आणि म्हणाले, "बरं बाई. जेवायला तरी चला."

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणाले. पंखा उचलला, धूळ झटकली आणि दारातच वारा घेत उभी राहिले. उकडतही फार होतं.